मेघांतील वीज व रडार-यंत्र

वळवाच्या पावसांत शेतांत राबणाऱ्या माणसांस व जनावरांस विजेचें भय मोठें असतें. तिच्या पूर्वतयारीचा माग रडार-यंत्रानें काढतां येतो.

हें यंत्र आकाशांत रेडिओ-लहरी सोडतें. थेंब व गारा यांवर आपटून त्या परत येतात. परतण्यास लागलेल्या वेळावरून ढगाचें अंतर कळतें, आणि परत आलेल्या लहरींच्या जोरावरून आंतील कणांच्या आकारमानाचा व संख्येचा अंदाज बांधतां येतो.

ढगांत शून्याखालीं १० ते २० अंश सेल्सिअस उष्णमानाच्या थरांत मऊ गारा व बर्फाचे स्फटिक एकमेकांवर आदळतात. हलके स्फटिक बहुधा धनभार घेऊन वर जातात; जड गारा ऋणभारासह खालीं राहतात. म्हणून जोरदार प्रतिध्वनि या थरापर्यंत चढला, कीं थोड्याच वेळांत वीज चमकण्याचा संभव समजावा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनें तयार केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल अ‍ॅपवर जवळच्या विजेची सूचना मिळते. ती न मिळाली, तरी वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आल्यास वीज सुमारें १० किलोमीटरांच्या टप्प्यांत आहे, हें ओळखावें. झाडाचा आडोसा न घेतां पक्कें घर गांठावें, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.