द्राक्षाची बी, साल आणि आपला धंदा

मैत्रिणींनो, वायनरीतला चोथा आणून त्याची पावडर विकली तर? हा प्रश्न या हंगामात बऱ्याच बैठकांत निघाला. गटाचे पैसे घालण्याआधी थोडं समजून घेऊ.

आपण छाटणी-डिपिंगला जातो त्या बागा बहुतेक थॉमसन, सोनाका अशा बिनबियांच्या. बिया मिळतात त्या कॅबरने, शिराजसारख्या वाइनच्या वाणांत. अशी एक बी चावून बघा, तोंड सुपारी खाल्ल्यासारखं तुरट होतं. तो तुरटपणा टॅनिनचा. काळ्या सालीचा रंग अँथोसायनिनचा. या सगळ्यांना मिळून पॉलिफेनॉल म्हणतात. द्राक्षातली बहुतेक पॉलिफेनॉल बी आणि सालीतच असतात, गरात अगदी थोडी. तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं ना, ते खवट होणं लांबवणारा घटक म्हणजे अँटिऑक्सिडंट. पॉलिफेनॉल हेच काम करतात.

आता जंतूंचं. प्रयोगशाळेत बियांचा अर्क जखमेत पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूची वाढ रोखतो; ई. कोलायवर त्याचा जोर कमी पडतो. पण तो अर्क पाणी-अल्कोहोलमध्ये काढून घट्ट केलेला असतो. आपण दळू ती नुसती पावडर. ती घातली म्हणून लोणचं टिकेल असं समजू नका. मीठ, तेल, कोरडी बरणी लागणारच. अहो, ओल्या चोथ्यालाच एक-दोन दिवसांत बुरशी धरते!

म्हणून चोथा आणला त्याच दिवशी पातळ पसरा, सावलीत, वारं लागेल असा. बिया कडकडीत वाळल्या की चाळून वेगळ्या करा. औषधाची फवारणी बसते ती सालीवरच, तेव्हा बागेचा रेसिड्यू रिपोर्ट मागायला लाजू नका.

आणि पाकिटावर "शुगर जाते, कॅन्सर बरा होतो" असलं काही छापू नका. माणसांवर तसं सिद्ध झालेलं नाही, आणि खाद्यपदार्थावर आजार बरा करण्याचा दावा करायला कायद्याने बंदी आहे. एफएसएसएआयची नोंदणी हवीच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या ताईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नये.

पहिल्या खेपेला पाचच किलो चोथा आणा. वाळवून, दळून वजन करा. किती उरतं ते कळल्याशिवाय पाकिटाचा भाव ठरवू नका.