घोड्याच्या सहवासातून मनःसंयमाचा पाठ

राग आवरावा, भीतीने गांगरून जाऊ नये, हे मुलांना तोंडी सांगून फारसे साधत नाही. रागाच्या वेळी आपल्या देहात काय घडते, याची जाणीव उपदेशाने होत नाही. ती जाणीव करून देणारा एक उत्तम सोबती म्हणजे घोडा होय.

घोडा हा निसर्गतः हिंस्र पशूंचे भक्ष्य. संकटाची चाहूल घेऊन वेळीच पळणे, हेच त्याच्या रक्षणाचे मुख्य साधन. म्हणून जवळ येणाऱ्या माणसाची चाल, आवळलेली मूठ, आवाजातील धार यांकडे त्याचे बारीक लक्ष असते. बर्लिनमधील ‘हॅन्स’ नावाचा घोडा टाप आपटून गणिते सोडवितो, अशी ख्याती होती. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याची परीक्षा केली, तेव्हा प्रश्नकर्त्याच्या मस्तकाच्या नकळत होणाऱ्या हालचाली पाहून तो थांबतो, असे आढळले. 2016 साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 28 घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली. रागीट चेहऱ्यापुढे घोड्यांच्या हृदयाची गती अधिक शीघ्र वाढली. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगून ठेवले होते.

माथेरानसारख्या ठिकाणी, अथवा जेथे शांत स्वभावाचा घोडा व जाणता मोतद्दार असेल तेथे, त्याच्या देखरेखीखाली हा पाठ घेता येईल. मुलाने प्रथम दूर उभे राहून दोन-चार श्वास संथपणे घ्यावेत. नंतर खांद्याच्या बाजूने हळू जवळ जावे. अगदी मागचे घोड्यास दिसत नाही, म्हणून मागून कधीही जाऊ नये. मानेवरून हात फिरवावा, मग खरारा करावा. घोड्याने कान मागे पाडले तर तत्काळ थांबून मोतद्दाराकडे पाहावे. मान खाली आली, कान सैल पडले, म्हणजे तो निवांत झाला असे समजावे.

घोडा दूर सरला तर शिक्षकांनी मुलास दटावू नये. “त्या वेळी तुझी मूठ कशी होती? श्वास कसा चालला होता?” एवढेच विचारावे. उत्तर शोधता शोधता मूल स्वतःच्या मनाकडे पाहू लागते, आणि घोडा शांत व्हावा म्हणून आधी आपण शांत होते. हीच सवय पुढे खेळातील भांडणात व परीक्षेच्या भीतीत त्याच्या उपयोगी पडेल.

शिक्षकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वर्गात नवे आलेले बालक गुरुजींचा चेहरा असाच वाचीत असते. ज्याच्या मनात संताप आहे त्याने शांततेचा पाठ देऊ नये. आधी स्वतःचा श्वास संथ करावा, मगच फळ्याकडे वळावे.