गरोदर मातेचे ताट

वसईच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी म्हणून मोठी वसाहत आहे. तेथे एका घरी आम्ही भेटीस गेलो असता, सहा महिन्यांची गरोदर सून नुसता वरणभात जेवीत होती. अंडे, मासळी, दूध, शेंगदाणे हे सर्व तिने सोडले होते. सासूबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, थोरल्या नातवाच्या अंगावर चट्टे उठतात. ह्या बाळास तरी अ‍ॅलर्जी नको." हेतू प्रेमाचा खरा, परंतु उपाय चुकीचा. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतही ही समजूत असल्यामुळे येथे लिहीत आहो.

अ‍ॅलर्जी म्हणजे निरुपद्रवी अन्नासही शरीराने शत्रू समजणे. ते अन्न दूर ठेविले की बाळ वाचेल, असे एके काळी डॉक्टरही मानीत. तेव्हा सासूबाईंस काय दोष द्यावा! अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सन २००० मध्ये सल्ला दिला की, ज्या घराण्यात अ‍ॅलर्जी आहे तेथील बाळास दोन वर्षांपर्यंत अंडे व तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. पुरावा न मिळाल्यामुळे २००८ मध्ये तो सल्ला मागे घेण्यात आला. पुढे २०१५ मध्ये लंडन येथील एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० तान्ही बालके होती. अर्ध्यांस शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांस वर्ज्य केले. आरंभीच्या त्वचाचाचणीत ज्यांस शेंगदाण्याचा दोष आढळला नव्हता, त्यांपैकी वर्ज्य करणाऱ्यांत पाचव्या वर्षी शेकडा सुमारे १४ जणांस अ‍ॅलर्जी जडली. खाणाऱ्यांत केवळ २ जणांस.

मातेने पथ्य केल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळते असे दिसत नाही. उपासमार मात्र दोघांची होते. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात, पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतील गरोदर मातेच्या जेवणात शेंगदाण्याचा लाडू व अंडे आहे, हे उपदेशक बंधूंनी घरोघर सांगावे.

ज्या मातेस स्वतःस एखादा पदार्थ बाधतो तिने तो खाऊ नये, हे उघड आहे. बाळास सहा महिने आईचे दूध द्यावे. नंतर अंडे शिजवून कुस्करून, व दाणे बारीक वाटून पेजेत द्यावे. अख्खा दाणा कदापि देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र इसब असलेल्या बाळास प्रथम डॉक्टरांस दाखवावे. खाताच ओठ सुजले किंवा श्वास कोंडला, तर अंगारा लावीत न बसता तत्काळ इस्पितळ गाठावे.

थोरल्या नातवाचे चट्टे कशाने उठतात हे कोणा डॉक्टरास विचारले होते काय, असे आम्ही शेवटी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "नाही हो, शेजारणीने सांगितले."