नेम धर, आणि सोबत शोध

छोटे, परवा फोनवर बोललीस ते माझ्या मनातून जातच नाही. "ताई, प्रार्थनेला बसते पण शब्द येत नाहीत. माझा विश्वास आटला की काय?" कळमनुरी तालुक्यातलं ते उपकेंद्र, वर क्वार्टरची खोली, गावात आपल्या ख्रिस्ती लोकांचं एकही घर नाही. अशा ठिकाणी हा प्रश्न येणारच गं. आज जरा निवांत बोलते.

विश्वास आटलाय हे आधी डोक्यातून काढ. माहेरी आपल्याला तो वेगळा सांभाळावा लागलाच नाही. राहुरीकडे रविवारी घंटा झाली की गल्लीच्या गल्ली उपासनेला निघायची. घरी पप्पा शास्त्रपाठ घ्यायचे, आई गीत सुरू करायची, आपण फक्त सूर मिसळायचो. ते सगळं खरंच होतं, पण भार मोठ्यांनी उचललेला होता. आता तो तुझ्याकडे आलाय, म्हणून जड वाटतोय. लग्न होऊन मी वसमतला आले तेव्हा मलाही असंच झालं होतं.

पंडिता रमाबाईंचंच बघ. १८८३ साली इंग्लंडात लहानग्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. एवढी विद्वान बाई, पण कोरडेपणाची लाज वाटून काही लपवलं नाही. आणि त्या काळात काम थांबवलं का? मुंबईत त्यांचं शारदा सदन निघालं ते १८८९ साली, म्हणजे त्याच वर्षांत. मन भरून येईपर्यंत त्या हात बांधून बसल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर तुला ठाऊकच आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाईंना तिथवर यायला पाचेक वर्षं लागली. काही काळ वेगळ्या राहून नवऱ्याजवळ परत आल्यावरही त्यांनी स्वयंपाकपाणी वेगळं ठेवलं, सोवळं जपलं, भांडल्या, रडल्या, विचार केला आणि मग स्वतःच्या पायांनी आल्या. म्हणून तो विश्वास टिकला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' काव्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेलं बहुतेक सगळं या बाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि म्हातारपणी ओवीमागून ओवी लिहितेय! याला मी आत्मिक बळ म्हणते.

आता तुझ्या थकव्याविषयी. रात्री बाळंतपण, सकाळी लसीकरण, दुपारी रजिस्टरं. मार्च-एप्रिलात हळद काढायची, शिजवायची घाई, की उन्हात राबलेल्या बाया संध्याकाळी चक्कर येते म्हणून तुझ्या दारात. नेमका तोच लेंटचा काळ. वरून तू उपासही धरतेस आणि रात्री जागून प्रार्थना करायला बघतेस. बाळ, १ राजे १९ वा अध्याय पुन्हा वाच. एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडलाय. देव त्याला आधी उपदेश करत नाही. झोपू देतो. देवदूत उठवून भाकर नि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. बोलणं पुढे होरेबावर. तू नर्स आहेस, हिमोग्लोबिन कमी झालं की माणसाला सगळंच अंधारून येतं, हे मी तुला सांगायला हवं का? रक्त तपासून घे. उपास धरायचाच तर रात्रपाळीनंतर धरू नकोस.

आणि मोबाईलवरचे ते संदेश. झोपेपर्यंत एकामागून एक प्रवचनं ऐकतेस, डोळे भरून येतात, सकाळी पुन्हा रिकामी. मला ते पटत नाही. दुसऱ्याचा आवेश ऐकून आपला पाया भरत नाही. त्यातला कुणी प्रार्थनेचे पैसे मागत असेल, किंवा विश्वास असेल तर बीपीची गोळी सोडा म्हणत असेल, तर तिथेच बंद कर. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, ते शस्त्रक्रिया, औषधं आणि प्रार्थना यांना एकत्र धरून. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही.

त्यापेक्षा एकच नेम धर. दिवेलागणीला एक स्तोत्र, मोठ्याने. एकटी आहेस म्हणूनच मोठ्याने, म्हणजे वचन कानावर पडतं. स्वतःचे शब्द नसतील तर स्तोत्रकर्त्याचे घे, तो तर देवाशी भांडतोसुद्धा. तेरावं स्तोत्र तक्रारीनेच उघडतं, आणि गाण्यापर्यंत पोचतं. मग त्या दिवशीच्या पेशंटची नावं घे, आणि पुरे. मध्ये दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी दंड म्हणून तीन स्तोत्रं वाचू नकोस, नुसतं पुन्हा सुरू कर.

गावात हरिपाठ चालतो म्हणतेस, ऐकत जा. नामदेवांची नर्सी तिथून काही लांब नाही, त्यांचाच हा जिल्हा. दिवसभर शेतात राबून रोज टाळ घेऊन उभी राहणारी माणसं नेम काय असतो ते आपल्याला शिकवतील. टिळकांनी तुकोबांचं ऋण कधी नाकारलं नाही, आपण तरी कशाला परकं वागायचं? मात्र उपकेंद्रात धर्माचं बोलू नकोस, पत्रकं तर मुळीच वाटू नकोस. वेदनेत असलेल्या बाईला ऐकून घ्यायची सक्ती होते, ती साक्ष नव्हे. तिची नाडी नीट बघ, तिच्यावर ओरडू नकोस.

आणि मुख्य गोष्ट, एकटी राहू नकोस. हा माझा आग्रह समज. एलीयाही म्हणाला होता, मी एकटाच उरलोय. देवाने त्याला सांगितलं, सात हजार आहेत, आणि वाटेत अलीशाही दिला. गेथशेमानेत खुद्द प्रभूने पेत्र, याकोब, योहान यांना बरोबर घेतलं, माझ्यासोबत जागे राहा म्हणाला. त्याला सोबत लागली, तर आपल्याला लागते म्हणण्यात कमीपणा कसला? जमेल त्या रविवारी हिंगोलीहून गाडीने वाशीमला जा, मंडळीत बस, प्रभुभोजन घे. दर आठवड्याला नाही जमणार, ड्यूटी आहे. महिन्यातून एकदा तरी चुकवू नकोस.

कळमनुरीत त्या शिक्षिका आहेत ना, आणि बँकेतल्या भाऊंची बायको? दोघीही तुझ्यासारख्याच एकट्या प्रार्थना करत असतील. उद्याच फोन कर त्यांना. बुधवारी संध्याकाळी तुझ्या खोलीवर बोलाव, चहा ठेव, गीतं म्हणायला 'उपासना संगीत' काढून ठेव. पहिल्या बुधवारी वसमतहून मी येते.