पंखा बंद केला, तरी कार्बन का वाढतो?

शाळेत हवामानबदलाचा धडा झाला की मुलं घरी प्रश्न घेऊन येतात. नेमकं तेव्हा आपण कुकर लावत असतो, नाहीतर ऑफिसचा फोन कानाला असतो. मग पटकन म्हणून जातो, "आधी खोलीतला पंखा बंद कर, म्हणजे पृथ्वी वाचेल."

आपल्या मनात वाईट काहीच नसतं. पण दहा वर्षांचं पोर ते शब्दशः खरं मानतं. पंखा चालू राहिला की स्वतःला दोष देतं. सगळं नीट करूनही कार्बन वाढल्याची बातमी आली, की आतून घाबरतं.

मला वाटतं, त्यांना खरं गणितच सांगावं. मुलांना ते झेपतं.

पाण्याची टाकी दाखवा. वरून धो धो पाणी पडतंय, खालची तोटी बारीक सोडलेली. वरचं पाणी थोडं कमी केलं तरी टाकी भरतच राहते, फक्त सावकाश. हवेचंही तसंच. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास निम्मा समुद्र, झाडं आणि माती शोषतात. उरलेला साठतो, आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं टिकतो. हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२०च्या वर आहे. २०२०च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, उत्सर्जन घटलं, तरी त्या वर्षी आकडा चढलाच. तो स्थिर करायचा, तर उत्सर्जन शून्याजवळच न्यावं लागेल.

"मग माझ्या पंख्याचा काय उपयोग?" हा प्रश्न येणारच. तेव्हा घाईनं धीर देऊ नका, जवळ घ्या. पंखा बंद करणं चांगलंच, पण आपल्या देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर होते आणि ते बदलणं मोठ्यांचं काम आहे, हे सांगा. "हे ओझं तुझं एकट्याचं नाही," हे वाक्य तर त्यांना आपल्याच तोंडून ऐकायचं असतं.

भारतानं नक्त शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल ठरवलंय. आजचं दहा वर्षांचं मूल तेव्हा पन्नाशी ओलांडलेलं असेल. म्हणून आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये छतावरच्या सोलरचा विषय निघाला, तर दमलेले असलो तरी जाऊ या. मुलांनाही सोबत नेऊ या.