नकार, मागणी आणि राखण : शास्त्रांतील कांहीं अपरिचित स्त्रिया

पवित्र शास्त्रांतील स्त्रियांचीं नांवें सांगा, असें वर्गांत विचारलें तर हव्वा, सारा, रूथ, एस्तेर, मरीया हीं नांवें तत्काळ पुढें येतात. त्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु याच ग्रंथांत अशाही कांहीं स्त्रिया आहेत, कीं ज्यांच्या वाट्यास थोडींच वचनें आलीं. श्रद्धा म्हणजे मुकाट्यानें मान लवविणें असा जो एक समज सर्वत्र आढळतो, तो या स्त्रियांच्या कथा वाचल्यावर टिकत नाहीं. त्यांतील तीन कथांचा येथें विचार करूं.

मिसर देशांत इस्राएल लोकांची संख्या वाढूं लागली, तेव्हां फारो राजास भय वाटलें. त्यानें शिफ्रा व पुवा या दोन सुइणींस आज्ञा केली कीं, इब्री स्त्रियांचें बाळंतपण करितांना मुलगा झाल्यास त्यास ठार मारावें, मुलगी झाल्यास जगूं द्यावी (निर्गम, अध्याय १). आज्ञा देणारा सर्व देशाचा धनी. ऐकणाऱ्या दोघी सुइणी. शास्त्र इतकेंच सांगतें कीं, त्यांनीं देवाचें भय धरिलें व मुलांस जिवंत राखिलें. राजानें जाब विचारला तेव्हां, इब्री स्त्रिया जोमदार असून सुईण पोहोंचण्यापूर्वींच प्रसूत होतात, असें उत्तर त्यांनीं दिलें. हें उत्तर कितपत खरें, यावर पुष्कळ वाद झाला आहे. संत ऑगस्टिन यांचें म्हणणें असें कीं, देवानें त्यांस प्रतिफळ दिलें तें त्यांच्या दयेबद्दल, असत्याबद्दल नव्हे.

मूळ शब्दांचा अर्थ ‘इब्री सुइणी’ असा घेतां येतो, तसाच ‘इब्री स्त्रियांच्या सुइणी’ असाही घेतां येतो. यहुदी इतिहासकार योसेफस यानें त्या मिसरी होत्या असें लिहिलें आहे. तसें असेल, तर परक्यांच्या लेंकरांसाठीं त्यांनीं आपल्याच राजाचा रोष पत्करिला. त्यांच्या नकारानें फारोचें मन पालटलें नाहीं; पुढें त्यानें मुलगे नदींत टाकण्याची आज्ञा सर्व प्रजेस दिली. पण त्या दोघींच्या हातून तें पाप घडलें नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या अध्यायांत सुइणींचीं नांवें लिहिलेलीं आहेत. राजाचें नांव मात्र कोठेंही दिलेलें नाहीं.

दुसरी कथा गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत आहे. इस्राएल लोक वचनदत्त देशाच्या सीमेवर आले होते, आणि भूमीची वांटणी कशी करावी हें ठरत होतें. मनश्शेच्या वंशांतील सलाफहाद अरण्यांत मरण पावला होता. त्यास पुत्र नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पांच मुली होत्या. वतन पुत्रांकडे जात असल्यामुळें बापाचें नांव व वाटा हीं दोन्ही बुडणार होतीं. तेव्हां पांचही बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशीं मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आमचा बाप कोरहाच्या बंडांत सामील नव्हता. केवळ पुत्र नाहीं म्हणून त्याचें नांव कुळांतून कां नाहींसें व्हावें? आम्हांस चुलत्यांबरोबर वतन द्यावें, अशी मागणी त्यांनीं नेमक्या शब्दांत केली.

येथें मोशेची वागणूक लक्षांत घेण्यासारखी आहे. असा नियम पूर्वीं नव्हता म्हणून त्यानें मुलींना गप्प बसविलें नाहीं. प्रश्न देवापुढें नेला. मुलींचें म्हणणें रास्त आहे, असें उत्तर आलें. आणि पुत्र नसल्यास वतन कन्येस जावें, असा सर्व इस्राएलास नियम झाला. त्यासही मर्यादा होत्या. पुत्र असल्यास कन्येस वाटा नव्हता. पुढें कुळाच्या वडीलधाऱ्यांनीं तक्रार केल्यावरून, जमीन दुसऱ्या वंशांत जाऊं नये म्हणून, या बहिणींनीं आपल्याच वंशांत विवाह करावे असें ठरलें, व त्यांनीं तें मान्य केलें. परंतु मोशेच्या मृत्यूनंतर त्या यहोशवापुढें गेल्या, दिलेल्या वचनाची त्यांनीं आठवण करून दिली, आणि वतन पदरांत घेतलें.

हा प्रश्न केवळ त्या काळचा नव्हे. त्रावणकोरांतील ख्रिस्ती लोकांच्या १९१६ सालच्या वारसा कायद्याप्रमाणें मुलीस मुलाच्या वाट्याच्या चतुर्थांश किंवा पांच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तेवढेंच मिळत असे. मेरी रॉय या शिक्षिकेनें याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथील ख्रिस्ती मुलींना भावांच्या बरोबरीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत महाराष्ट्रानें १९९४ सालीं, तोंवर विवाह न झालेल्या मुलींना, जन्मतः हक्क दिला. २००५ सालीं तो भारतभर सर्व मुलींना मिळाला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतांना तिचें मन खरोखर विचारलें जातें काय, हें प्रत्येक घरानें पाहावें. बहिणीनें आपखुशीनें हक्क सोडला, तर ती तिची उदारता. माहेर तुटेल या भीतीनें सोडला, तर तिनें निवड केली असें कसें म्हणावें?

तिसरी स्त्री रिस्पा. ती शौल राजाची उपपत्नी होती. दावीद राजाच्या कारकीर्दींत तीन वर्षें दुष्काळ पडला. शौलानें गिबोनी लोकांचा वध केला त्याचा हा दोष, असें कळल्यावर दावीदानें त्या लोकांच्या मागणीवरून शौलाच्या वंशांतील सात पुरुष त्यांच्या स्वाधीन केले. त्यांत रिस्पेचे दोन पुत्र होते. सातही जणांस डोंगरावर फांशीं देण्यांत आलें, व प्रेतें उघड्यावर राहिलीं (दुसरें शमुवेल, अध्याय २१). मुलांचे प्राण तिला वाचवितां आले नाहींत. तिनें खडकावर गोणपाट अंथरलें, आणि सातूच्या हंगामाच्या आरंभापासून आकाशांतून पाऊस पडेपर्यंत दिवसा पांखरांना व रात्रीं रानजनावरांना त्या प्रेतांस शिवूं दिलें नाहीं. राखण केली ती आपल्या दोघांचीच नव्हे, सातांचीही.

टांगलेलें प्रेत रात्रभर तसेंच ठेवूं नये, असें अनुवादाच्या पुस्तकांत सांगितलें आहे. सत्ताधाऱ्यांस त्याचा विसर पडला. एका असहाय बाईनें मृतांचा मान राखला. संपूर्ण शास्त्रांत रिस्पेच्या तोंडचा एकही शब्द नाहीं. तरी तिचें करणें राजाच्या कानीं गेलें. त्यानें शौल व योनाथान यांच्या अस्थि याबेश-गिलादाहून आणविल्या, फांशीं गेलेल्यांच्याही अस्थि गोळा करविल्या, आणि बन्यामीन प्रांतीं कीशाच्या थडग्यांत मूठमाती देवविली. देवानें देशासाठीं केलेली विनंति ऐकली, असें शास्त्र म्हणतें तें या दफनानंतर. त्या सात मृत्यूंनंतर लगेच नव्हे.

या स्त्रियांपैकीं कोणासही देवदूत भेटल्याचें किंवा स्वप्न पडल्याचें लिहिलेलें नाहीं. देवास काय रुचेल, याचा विचार त्यांनीं आपापल्या जागीं केला, आणि हातीं जें होतें त्यानिशीं त्या उभ्या राहिल्या. सुइणींनीं नकार दिला, बहिणींनीं मागणी केली, रिस्पा राखण करीत बसली.

विद्यार्थिमित्रांनो, यावरून प्रत्येक नकार म्हणजे श्रद्धा असें मात्र समजूं नका. हट्ट आणि निवड यांत भेद आहे. सुइणींनीं नकार दिला तो दुसऱ्यांच्या लेंकरांसाठीं. बहिणींनीं मागितलें तें सर्वांसमोर, कारण देऊन. आणि घातलेली अटही पाळली. आपल्या आग्रहानें कोणाचें रक्षण होतें, व तो उघडपणें सांगण्याची आपली तयारी आहे काय, हे दोन प्रश्न स्वतःस विचारावे. उत्तर आपोआप मिळेल.

आणि पालकांनीं मोशेकडे पाहावें. दाराशीं उभ्या राहिलेल्या मुलींस, असें आजवर झालें नाहीं, एवढेंच सांगून परत पाठविणें त्यास सोपें होतें. त्यानें त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, व न्याय काय तें देवास विचारलें. आपलीं मुलें धीर करून कांहीं विचारावयास येतील, त्या दिवशीं आपल्या घरींही तितका वेळ त्यांस मिळावा.