घोरण्यावर लेसर : पैसे भरण्याआधी झोपेची तपासणी

घरात कोणी मोठ्याने घोरू लागले, की 'दिवसभर राबलेत, गाढ झोप लागली' असे आपण म्हणतो. पण घोरता घोरता माणूस एकदम शांत झाला, थोड्या वेळाने गुदमरल्यासारखा दचकला आणि पुन्हा घोरू लागला, तर ती गाढ झोप नव्हे. त्याचा श्वास अडला होता.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टाळूचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचे मूळ हवेची वाट अडवतात. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणे अथवा फार मंदावणे, असे तासाला ५ किंवा अधिक वेळा घडले तर तो स्लीप ॲप्निया. ३० वेळा किंवा त्याहून जास्त घडले तर आजार तीव्र. रक्तातला प्राणवायू घटतो, रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसा डुलक्या येतात. रिक्षा किंवा ट्रक चालवणाऱ्याच्या तर त्या जिवावर बेतू शकतात.

यावर आता लेसरच्या जाहिराती दिसतात. एका प्रकारात पडजीभ आणि टाळूची कडा लेसरने कापतात. घसा बरेच दिवस दुखतो आणि व्रण आकसून वाट आणखी अरुंद होऊ शकते. स्लीप ॲप्नियासाठी हा उपाय सरसकट करू नये, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१० मध्ये सांगितले. दुसऱ्या प्रकारात कापत नाहीत, टाळूला फक्त ऊब देऊन तो आवळतात. त्यासाठी अनेकदा जावे लागते, आणि गुण काही महिन्यांनी ओसरू शकतो.

मुख्य धोका वेगळाच आहे. लेसरने आवाज कमी होईल, पण श्वास अडणे थांबेलच असे नाही. मग घरच्यांना सावध करणारी खूणच नाहीशी होते.

म्हणून आधी हे करा :

१. रात्री घोरण्याचा आवाज मोबाईलवर टिपून ठेवा.

२. सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा किंवा छातीविकार विभागात दाखवा. रात्रभराची झोपेची तपासणी कुठे होते, ते विचारा.

३. मध्यम किंवा तीव्र आजारात मुख्य उपचार सीपॅप यंत्राचा. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवते. १९८१ पासून हा उपचार जगाला माहीत आहे.

४. कुशीवर झोपा, वजन उतरवा, दारू सोडा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

५. लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल तपासून घ्या.

आज रात्री घरातल्या घोरणाऱ्या माणसाजवळ दहा मिनिटे जागे बसा. आवाज किती मोठा आहे ते राहू द्या. मध्ये शांतता किती वेळ टिकते, ते मोजा.